वाचक विचारतात: कोर्कोव्हादोच्या माथ्यावरचा ख्रिस्त

ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरो शहरावर हात पसरून उभा असलेला ‘क्रिस्तो रेदेन्तोर’, म्हणजे उद्धारक ख्रिस्त, हा या वेळच्या प्रश्नांचा विषय. पत्रं बरीच आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, लांबलेले थोडे आखडले आहेत. उत्तरांआधी एकच गोष्ट सांगतो: हा पुतळा कोरलेला नाही आणि ओतीवही नाही, तो बांधलेला आहे. पुतळ्याच्या आकाराची ती एक आरसीसी इमारत आहे आणि तिला बाहेरून दगडाची पातळ साल चढवलेली आहे. एवढं डोक्यात ठेवलं की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं.

प्रश्न: एवढा मोठा दगड डोंगराच्या टोकावर चढवला कसा? फोटोत तर तिथे धड उभं राहायलाही जागा दिसत नाही.

मोठा दगड चढवलाच नाही. वर गेले ते सिमेंट, रेती, खडी, सळया, फळ्या आणि पेट्यांत भरलेले साचे. आणि ते न्यायला वाट आधीच तयार होती. कोर्कोव्हादो डोंगरावरची दातेरी रेल्वे ९ ऑक्टोबर १८८४ रोजी ब्राझीलचा सम्राट दुसरा पेद्रो याच्या उपस्थितीत सुरू झाली होती, म्हणजे पुतळ्याच्या कितीतरी आधी. तेव्हा ती वाफेवर चालायची, १९१० मध्ये ती विजेवर आली. मार्ग ३.८ किलोमीटरचा, रुळांतलं अंतर एक मीटर. दोन रुळांच्या मधोमध लोखंडी शिडी आडवी टाकावी तशी दातेरी पट्टी असते आणि इंजिनाखालचं दातेरी चाक तिच्या पायऱ्यांत अडकत अडकत चढतं. नुसत्या चाक-रुळाच्या घर्षणावर एवढा चढ गाडीला चढता आला नसता, आणि उतरताना तर ती थांबलीच नसती. सारं सामान याच गाडीने गेलं. ही रेल्वे नसती तर डोंगर दुसरा निवडावा लागला असता, असं आमचं मत.

पायाभरणी ४ एप्रिल १९२२ ची आणि उद्घाटन १२ ऑक्टोबर १९३१ चं. पुतळा ३० मीटर, त्याखालचा चौथरा ८ मीटर, हातांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २८ मीटर. एकटं डोकं पावणेचार मीटर उंच आहे आणि हाताचा पंजा ३.२० मीटर. आत चार खांब वरपर्यंत जातात, त्यांना जागोजागी आडव्या तुळया बांधतात, आणि असे एकावर एक बारा टप्पे आहेत. अंगरखा म्हणून जे दिसतं ते या सांगाड्याभोवतीचं काँक्रीटचं कवच.

खरी कसोटी हातांची होती. त्यांना खालून आधार नाही. बांधकामाच्या भाषेत सांगायचं तर दोन्ही बाजूंना बाहेर काढलेले ते दोन लांबलचक सज्जे आहेत. सज्जाला वाकवणारा जोर त्याच्या वरच्या अंगाला ताणतो, म्हणून मुख्य सळई वर लागते. घराच्या सज्जात ती चुकून खाली घातली की फळ्या काढल्या दिवशी सज्जा खाली येतो, हे कुठलाही गवंडी सांगेल. इथे त्याच्या जोडीला वारा. पसरलेले हात आणि रुंद बाह्या वारा शिडासारखा धरतात. एका हातावर दुसऱ्यापेक्षा जास्त झोत आला की सगळं धड पिळवटलं जातं. म्हणूनच हे गणित शिल्पकारावर सोडलं नाही, फ्रान्सचा बांधकाम अभियंता आल्बेर काको याच्याकडे ते गेलं. परांचीची अडचण वेगळीच होती. माथा अरुंद, त्यामुळे हातांच्या टोकांखाली जमीन नाही, थेट दरी. परांचीही मग पुतळ्यासारखीच वर जाऊन बाहेर पसरत न्यावी लागली.

प्रश्न: हा पुतळा फ्रान्सने ब्राझीलला भेट दिला, असं वाचलं. खरं आहे का?

नाही. फ्रान्सने दिलेला तो न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा. गैरसमज होण्याचं कारण एवढंच की कामाचा काही भाग पॅरिसमध्ये झाला. पैसा ब्राझीलच्या कॅथलिकांनी वर्गणीतून उभा केला.

श्रेयाची वाटणी अशी: संकल्पना आणि बांधकाम ब्राझीलचे अभियंते हेइतोर दा सिल्व्हा कोस्ता यांचं. पहिली चित्रं चित्रकार कार्लोस ओस्वाल्ड यांची. शिल्पाचा आराखडा पॅरिसचे पॉल लांडोव्स्की यांचा. चेहरा घडवला तो त्यांच्या कार्यशाळेत काम करणाऱ्या रुमानियाच्या गेओर्गे लेओनिदा यांनी. काँक्रीटचं गणित काको यांचं. ‘शिल्पकार कोण’ या प्रश्नाला एकच नाव लिहायचं असेल, परीक्षेत वगैरे, तर लांडोव्स्की लिहा. पण सिल्व्हा कोस्ता यांचं नाव गाळलंत तर अन्याय होईल.

पहिल्या आराखड्यात हात पसरलेले नव्हतेच. एका हातात मोठा क्रूस आणि दुसऱ्यात पृथ्वीचा गोल होता. लोकांनी त्याला ‘चेंडूवाला ख्रिस्त’ म्हणायला सुरुवात केली. शिवाय शहरातून, म्हणजे सातशे मीटर खालून आणि काही किलोमीटर दुरून, क्रूस आणि गोल यांचा नुसता गुंता दिसला असता. नव्या आराखड्यात क्रूस हातातून गेला आणि ख्रिस्ताचं शरीरच क्रूस झालं. दुरून ओळखू येणारा याहून सोपा आकार नाही. अंगरख्याच्या सरळ, मोजक्या चुण्या ही त्या काळातली आर्ट डेको शैली खरी, पण बारीक नक्षी तेवढ्या अंतरावरून दिसलीच नसती, हेही त्यामागे आहे.

लांडोव्स्कींनी सुमारे चार मीटरचा नमुना केला. डोकं आणि हातांचे पंजे मात्र पॅरिसमध्येच पूर्ण मापात, प्लास्टरमध्ये घडवले गेले. त्यांचे तुकडे करून, प्रत्येकावर क्रमांक टाकून ते जहाजाने रिओला गेले आणि तिथे त्यांवरून काँक्रीटचं काम झालं. बाकीचं अंग मोजमापं वाढवून जागेवर उभारलं. चुण्यांत थोडं इकडेतिकडे झालं तर खपतं. नाकात किंवा बोटांत खपत नाही, म्हणून ही विभागणी.

प्रश्न: काँक्रीटच होतं तर वरून दगड लावायची गरज काय? आणि तो सोपस्टोनच का? तो तर नखाने ओरखडतो.

उघडं काँक्रीट सिल्व्हा कोस्ता यांना रुचलं नाही. साच्याच्या फळ्यांचे वळ, रंगातले ठिगळ, पावसाने येणारे काळे ओघळ, हे पुलाला चालतं, चेहऱ्याला नाही. ही सालीची कल्पना त्यांना पॅरिसमध्ये मिळाली. शाँझेलिझेवरच्या तेव्हा नव्याने उघडलेल्या एका गॅलरीत कारंज्याच्या वळणदार अंगावर बारीक रुपेरी तुकड्यांचं मोझाइक त्यांनी पाहिलं. वाकलेल्या पृष्ठभागावर बारीक तुकडे बसवले की वळण मोडत नाही, ही गोष्ट त्यांनी उचलली.

सोपस्टोनचं पोर्तुगीज नावही ‘साबणदगड’च आहे. त्यात शंखजिरे भरपूर असतं, म्हणून तो हाताला गुळगुळीत लागतो आणि करवतीने सहज कापता येतो. तुमचं बरोबर आहे, तो मऊ आहे. पण ओरखडा जाणं आणि हवामानाने झिजणं या दोन वेगळ्या गोष्टी. सोपस्टोन पाणी फारसं पीत नाही, ऊन-पावसाच्या फेऱ्यात सहजी तडकत नाही आणि आम्लाला संगमरवरासारखा विरघळत नाही. पुतळ्याच्या छातीवर कोणी नख ओढायला जात नाही. आणि पुरावा त्यांच्या डोळ्यांसमोर होता: मिनास जेराइस प्रांतात कोंगोन्यास इथे अलेजाजिन्यो या शिल्पकाराने १९व्या शतकाच्या सुरुवातीला सोपस्टोनमध्ये कोरलेले संदेष्ट्यांचे पुतळे उघड्यावर उभे होते.

तुकडे त्रिकोणी आहेत. बाजू ३, ३ आणि ४ सेंटिमीटर, जाडी सुमारे ५ मिलिमीटर. चौकोनी फरशी वळणावर बसवली की एखादा कोपरा उचलला जातो, चार कोपरे एका सपाटीत येतीलच असं नाही. तीन कोपरे नेहमीच येतात, म्हणून त्रिकोण कुठल्याही वळणावर डगमगत नाही. तिपाई खडबडीत जमिनीवर हलत नाही, तसंच. एकूण तुकडे साठ लाखांच्या आसपास सांगितले जातात. आकडा फुगवलेला वाटेल, पण हिशेब करून पाहा: अशा एका त्रिकोणाचं क्षेत्रफळ जवळजवळ साडेचार चौरस सेंटिमीटर. साठ लाखांनी गुणलं की २,७०० चौरस मीटरच्या आसपास येतं. तीस मीटर उंचीच्या, लांब बाह्यांच्या आणि चुण्याचुण्यांच्या अंगरख्याला एवढं कापड लागणारच.

हे साठ लाख तुकडे परांचीवर उभं राहून एकेक कोण बसवणार? ते खालीच कागदाच्या तावांवर चिकटवले गेले, आणि हे काम रिओतल्या चर्चशी जोडलेल्या बायकांनी केलं. सोपा प्रकार नव्हता: तुकड्याची दर्शनी बाजू कागदाकडे, पाठ वर. काहींनी त्या वर आलेल्या पाठीवर आपल्या माणसांची नावं लिहिली. ताव वर गेला की ती पाठ ओल्या मालात दाबली जाते, माल धरला की कागद भिजवून सोलून काढतात आणि तुकड्यांमधल्या फटी भरतात. म्हणजे ती नावं आजही तिथेच आहेत, सिमेंटकडे तोंड करून.

प्रश्न: मी फरशीकामाचा ठेकेदार आहे. आमच्या फरश्या दहा वर्षांत बोद होतात, म्हणजे मालापासून सुटून पोकळ वाजतात. ९० वर्षांहून अधिक काळ ही साल टिकली कशी? दुरुस्ती कशी करतात?

पहिली गोष्ट, ती बिनदुरुस्तीची टिकलेली नाही. मोठ्या दुरुस्त्या १९८०, १९९० आणि २०१० साली झाल्या. १९८० चं कारण पोप दुसरे जॉन पॉल यांची भेट हे होतं.

तुकडा लहान असण्याचा फायदा तुम्हाला लगेच कळेल. दोन फुटी फरशी उन्हात जेवढी पसरते तेवढी तिची कड मालावर जोर करते आणि मधोमध ती सुटते. तीन सेंटिमीटरचा तुकडा पसरून पसरणार किती? शिवाय तुकड्यांच्या मध्ये सांध्यांचं जाळं आहे, थोडीफार हालचाल तिथे मुरते. एक तुकडा पडला तर तेवढाच पडतो, शेजारच्याला ओढून नेत नाही.

अडचणही त्याच सांध्यांतून येते. पाणी दगडातून शिरत नाही, सांध्यातल्या मालातून शिरतं. समुद्र जवळ, त्यामुळे हवेत मीठ. मीठ-पाणी काँक्रीटमधून सळईपर्यंत पोचलं की सळई गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. मग काँक्रीटची खपली आतून उचलली जाते आणि वरचं मोझाइक तिच्याबरोबर निघतं. बाहेरून नुसते तुकडे परत चिकटवून भागत नाही. खपली काढायची, सळई घासून उघडी चकचकीत करायची, गंजरोधक लेप द्यायचा, माल भरायचा, मग मोझाइक. ही पायरी चुकवलेली दुरुस्ती पुन्हा तिथेच फुटते. हातोडीचा हलका ठोका मारून आवाज ऐकणं ही परीक्षा तिथेही आहेच: घट्ट जागा खणखणीत बोलते, सुटलेली बद्द वाजते.

२०१० च्या कामात आतल्या सांगाड्याचं जलरोधन, भेगा भरणं, दगडावर वाढलेली बुरशी आणि इतर सूक्ष्मजीव काढणं आणि वीजवाहकांची दुरुस्ती, एवढं सगळं एका परांचीत उरकलं. त्या वेळी साठ हजारांहून जास्त नवे तुकडे लागले. पुतळा परांचीत असतानाच एप्रिल महिन्यात कोणीतरी त्याच्या डोक्यावर आणि हातावर रंगाचे फवारे मारून लिहून गेलं. सोपस्टोन पाणी पीत नाही याचा तेव्हा उपयोग झाला, रंग निघाला.

रंगाचं कोडं मात्र सुटलेलं नाही. मूळच्या फिकट हिरवट-राखाडी छटेचा दगड मिळणं कठीण झालं आहे, नवे तुकडे गडद असतात. प्रत्येक दुरुस्तीगणिक पुतळा किंचित सावळा होत चालला आहे. शहरातून हे दिसत नाही, रात्रीच्या प्रकाशात तर नाहीच. जवळून ठिगळ ओळखू येतं.

प्रश्न: वीज पडून अंगठा तुटला म्हणतात. मग वीजवाहक लावलाच नव्हता का?

लावलेला होता आणि आहे. डोक्यावर काट्यांच्या मुकुटासारख्या दिसणाऱ्या टोकदार सळ्या आहेत त्या त्याच, हातांवरही आहेत. १६ जानेवारी २०१४ च्या वादळात उजव्या अंगठ्याचं टोक उडालं. त्याआधी १० फेब्रुवारी २००८ ला बोटांना, डोक्याला आणि भुवयांना इजा झाली होती. पुतळ्यावर वर्षाला अनेकदा वीज पडते. बहुतेक वेळा ती वाहकातून निमूट खाली जाते आणि सकाळी कोणाला पत्ताही नसतो.

मग बोटं का सापडतात? आकाशातून वीज खाली सरकू लागली की जमिनीवरच्या टोकदार, पुढे आलेल्या जागांवरून तिच्या स्वागताला ठिणग्या वर झेपावतात. जी आधी पोचते तिच्यावर वीज पडते. डोक्यावरचा वाहक आपल्याभोवतीचा काही भाग सांभाळतो, पण डोक्यापासून बोटाचं टोक चौदा मीटर लांब. तिरकी आलेली वीज डोक्याला चुकवून थेट बोट गाठू शकते. वाहकाची पट्टी बोटांपासून थोडी अलीकडे संपली असेल तर पुढचा तुकडा उघडाच.

आणि दगड फुटतो तो विजेच्या ‘आघाताने’ नाही. सांध्यांतल्या, मालातल्या ओलीतून विजेचा प्रवाह गेला की पाण्याची क्षणार्धात वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते, आणि खपली आतून उडते. प्रेशर कुकरची शिट्टी अडकावी तसं. कोरड्या दगडाचं एवढं नुकसान झालं नसतं, पण वादळात दगड कोरडा क्वचितच असतो.

दुसरी बाजू अर्थिंगची. डोंगर घट्ट नाइस-ग्रॅनाइट खडकाचा आहे आणि असा खडक वीज नीट वाहून नेत नाही. सपाटीवर एक सळई ओल्या मातीत ठोकली की काम भागतं. खडकाळ माथ्यावर वाहकांचं जाळं लांबवर पसरावं लागतं, नाहीतर खाली उतरलेली वीज चौथऱ्याभोवतीच घुटमळते. वादळाची चिन्हं दिसली की पुतळ्याभोवतीचा, पर्यटकांचा सज्जा रिकामा करतात तो याचमुळे. तेव्हा रेंगाळू नका.

प्रश्न: आम्ही पती-पत्नी, दोघेही साठीपुढचे, रिओला जाणार आहोत. वर कसं जावं? सकाळी की संध्याकाळी?

चढायला तीन वाटा. दातेरी रेल्वे कोस्मे व्हेल्यो स्थानकातून सुटते आणि तिजुकाच्या जंगलातून साधारण वीस मिनिटांत वर नेते. तुम्हाला हीच सोयीची. चढताना उजव्या हाताची खिडकी धरा, झाडी जिथे विरळ होते तिथे शहर त्या बाजूला दिसतं. दुसरी वाट अधिकृत व्हॅनची, त्या कोपाकबाना आणि लार्गो दो माशादो इथून सुटतात. तिसरी पार्क लाजेमधून पायी: दोन-अडीच तासांचा उभा चढ आहे आणि वरच्या टप्प्यात एका कातळावर साखळी धरून चढावं लागतं. या वाटेवर लुटालुटीचे प्रकार झालेले आहेत. जाणाऱ्या तरुणांनी सकाळी, गटाने जावं. पायी गेलात तरी वर प्रवेशशुल्क द्यावं लागतं, हे बऱ्याच जणांना तिथे पोचल्यावर कळतं.

गाडीतून उतरल्यावर पुतळ्यापर्यंत दोनशेहून जास्त पायऱ्या आहेत. २००३ पासून लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, त्यामुळे गुडघ्यांची काळजी नको. तिकीट ठरलेल्या वेळेचं असतं, आधी काढून ठेवा. हंगामात दर चढतात.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते ढगात. समुद्राची दमट हवा डोंगराला धडकून वर चढते, थंड होते आणि नेमक्या माथ्यावर ढगाची टोपी बसते. खाली समुद्रकिनाऱ्यावर लख्ख ऊन आणि वर चौथऱ्याशी उभं राहून पुतळ्याची हनुवटी दिसत नाही, असं सर्रास होतं. निघण्याआधी मान वर करून डोंगराकडे बघा. पुतळा शहरातल्या निम्म्या रस्त्यांवरून दिसतो. दिसत नसेल तर दिवस बदलता येतो का ते पाहा. डिसेंबर ते मार्च पावसाचे, मे ते सप्टेंबर त्यामानाने कोरडे आणि स्वच्छ. रिओत तीनच दिवस असाल तर पुतळ्याची भेट पहिल्याच दिवशी ठेवा, म्हणजे हुकली तर दोन दिवस हातात राहतात.

सकाळ की संध्याकाळ, हे तुम्हाला काय हवं त्यावर. पुतळ्याचं तोंड पूर्वेला, ग्वानाबारा उपसागराकडे आहे. चेहऱ्याचा फोटो हवा तर सकाळची पहिली गाडी. दुपारनंतर सूर्य पुतळ्याच्या पाठीशी जातो आणि फोटोत फक्त काळी आकृती येते. शहर आणि शुगरलोफचा सुळका हवा तर मात्र दुपार चांगली, कारण सकाळी त्या बाजूला ऊन डोळ्यांवर येतं. सज्जा अरुंद आहे. हातांसह सगळा पुतळा मोबाइलच्या नेहमीच्या लेन्समध्ये बसत नाही, रुंद कोनाची लेन्स लावा. लोक जमिनीवर आडवे होऊन फोटो काढताना दिसतील. मागे सरकताना पायाखाली पाहा, एवढंच.

प्रश्न: पुतळ्याच्या आत जाता येतं का?

पर्यटकांना नाही. आत अरुंद जिने आहेत, टप्प्याटप्प्याने वर जातात, आणि डोक्याशी व खांद्याशी झाकणं उघडून दोरांवर काम करणारे कारागीर बाहेर येतात. छातीवर बाहेरून जे हृदय दिसतं त्याची आतली बाजूही सोपस्टोनच्या तुकड्यांनी मढवलेली आहे. जिथे कोणी बघायला येणार नव्हतं तिथेही! चौथऱ्यात मात्र आपारेसिदाच्या माउलीचं, म्हणजे ब्राझीलची संरक्षक मानल्या जाणाऱ्या मेरीमातेचं, छोटं प्रार्थनागृह आहे. ते २००६ मध्ये, पुतळ्याला ७५ वर्षं झाली तेव्हा, अर्पण झालं. तिथे लग्नं आणि बाप्तिस्मे होतात.

प्रश्न: मालकी कोणाची? चर्चची की सरकारची?

डोंगर तिजुका राष्ट्रीय उद्यानात येतो आणि उद्यान केंद्र सरकारच्या चिको मेंदेस संस्थेकडे आहे. पुतळा आणि प्रार्थनागृह रिओच्या आर्चडायोसिसचं, म्हणजे आर्चबिशपच्या हाताखालच्या कॅथलिक चर्चचं. रस्ता एकाचा, देव दुसऱ्याचा, अशी व्यवस्था असल्यावर कुरबुरी व्हायच्याच.

पुतळ्याची प्रतिमा वापरण्याबाबतही चर्च जागरूक आहे. १९८९ च्या कार्निव्हलमध्ये बेजा-फ्लोर या सांबा पथकाने भिकाऱ्याच्या वेशातला ख्रिस्त रथावर आणायचं ठरवलं. आर्चडायोसिसने न्यायालयातून मनाई आणली. पथकप्रमुख जोआओझिन्यो त्रिंता यांनी पुतळा काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळला, वर फलक लावला: ‘मनाई असली तरी आमच्यावर नजर असू दे’, आणि रथ तसाच मिरवणुकीत नेला. त्या कार्निव्हलमधलं लोकांच्या लक्षात राहिलेलं दृश्य ते झाकलेलंच आहे.

प्रश्न: जगातला सर्वांत उंच ख्रिस्त हाच ना?

नाही, आणि बऱ्याच वर्षांपासून नाही. बोलिव्हियात कोचाबांबा इथला ‘क्रिस्तो दे ला कोंकोर्दिया’ १९९४ मध्ये पूर्ण झाला, तो चौथरा सोडून ३४.२० मीटर. पोलंडमध्ये श्व्येबोजिन इथला २०१० चा पुतळा ३३ मीटर, वर ३ मीटरचा मुकुट. ब्राझीलमध्येच एन्कान्तादो इथला ख्रिस्त चौथऱ्यासह ४३ मीटर आहे.

उंचीचे आकडे वाचताना चौथरा, मुकुट आणि खालचा भराव धरला आहे का ते आधी तपासा. पोर्तुगालमध्ये आल्मादाचा १९५९ चा ख्रिस्त एकूण १०० मीटरच्या वर जातो, पण त्यात पुतळा २८ मीटरचा, बाकी सगळा खांब! २००७ च्या ‘नव्या सात आश्चर्यां’त कोर्कोव्हादोच्या पुतळ्याची निवड झाली ती लोकमतातून, युनेस्कोचा तिच्याशी संबंध नव्हता. युनेस्कोने २०१२ मध्ये जागतिक वारशात घेतला तो रिओचा डोंगर-समुद्राचा सगळा देखावा.

प्रश्न: उद्घाटनाचे दिवे मार्कोनीने इटलीतून रेडिओने लावले, हे खरं का?

ठरलं तसं होतं. हवा बिघडली आणि दिवे रिओतूनच लावले गेले.

प्रश्न: आर्जेंटिना-चिलीच्या सीमेवरचा ख्रिस्त म्हणतात तो हाच का? दोन पुस्तकांत दोन उंच्या दिल्या आहेत.

तो वेगळा. अँडीज पर्वतात उस्पायाता खिंडीत, सुमारे ३,८०० मीटरवर, दोन्ही देशांतला सीमातंटा मिटल्याची खूण म्हणून १३ मार्च १९०४ रोजी त्याचं अनावरण झालं. कोर्कोव्हादोच्या २७ वर्षं आधी. मातेओ आलोन्सो या आर्जेंटिनाच्या शिल्पकाराने तो ब्राँझमध्ये ओतला, उंची सुमारे ७ मीटर. सुटे भाग रेल्वेने डोंगरापर्यंत आणि तिथून पुढे खेचरांच्या मदतीने वर गेले. तुमच्या पुस्तकांतला फरक बहुधा चौथऱ्याचा असावा. तिथे जायचं तर डिसेंबर ते मार्च, कारण बाकीच्या दिवसांत वळणावळणाचा कच्चा रस्ता बर्फाने बंद असतो. एवढ्या उंचीवर दम लागतो, गाडीतून उतरून लगेच पायऱ्यांकडे धावू नका. वाऱ्यासाठी जाड जाकीट उन्हाळ्यातही लागतं.